नाव एकीकडे, मत दुसरीकडे

यंदा आपल्या प्रोग्रॅमिंग परिषदेचे टॉक निवडायचं काम तुझ्याकडे आलंय असं कळलं. छान झालं. अकरा वर्षं ते माझ्याकडे होतं आणि त्यातली पहिली तीन वर्षं मी ते वाईट केलं, तेव्हा चार गोष्टी सांगायचा अधिकार मला आहे असं समज. परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, त्यात काय एवढं! नावाचा कॉलम हाइड करायचा आणि शीट कमिटीला पाठवून द्यायची." हाइड केलेला कॉलम परत उघडायला किती वेळ लागतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तो कुणी उघडलाच नाही असं धरलं, तरी नाव आत यायला कॉलमची वाट बघत बसत नाही.

आधी वाईट काम कसं होतं ते सांगते, कारण ते चांगल्या माणसांच्या हातून होतं. आपली परिषद दोन दिवसांची, दोन सभागृहं, चोवीस टॉक, आणि सगळे कार्यकर्ते नोकरी सांभाळून राबणारे. कमिटी आमच्या घरी बसायची. पोहे, चहा आणि प्रिंटआउटचा गठ्ठा. एकजण मोठ्यानं वाचायचा, आणि सगळ्यात आधी वाचायचा ते नाव. मग कंपनी. मग विषय. नाव ओळखीचं निघालं की कुणीतरी म्हणायचं, "अरे, हा मस्त बोलतो, घेऊन टाका." की पुढचा कागद. अनोळखी नावाच्या वाट्याला मात्र प्रश्न यायचे. याला जमेल का? एवढं सगळं चाळीस मिनिटांत बसेल का? हेच प्रश्न मस्त बोलणाऱ्याला कुणी विचारलेले नसायचे. वशिला नव्हता, कुणाचा फोन आलेला नव्हता. एकाला आम्ही मार्क देऊन टाकले आणि दुसऱ्याची परीक्षा घेतली, एवढंच. तिसऱ्या वर्षी एका श्रोत्यानं छापील वेळापत्रकावर पेन्सिलीनं गोल करून दाखवले: चोवीसपैकी नऊ वक्ते आम्हा सहा जणांच्याच ऑफिसांमधले. 'आपला तो बाब्या' व्हायला वाईट हेतू लागत नाही गं.

याच धर्तीचा एक जुना प्रयोग आहे, तो कमिटीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचे. १९८२ साली अमेरिकेतल्या डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो छापला. नावाजलेल्या विद्यापीठांतल्या लोकांचे, नावाजलेल्या नियतकालिकांत आधीच छापून आलेले बारा शोधनिबंध त्यांनी उचलले, लेखकांच्या आणि संस्थांच्या जागी कुणी न ऐकलेली नावं घातली आणि ते त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. तीन पकडले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नामंजूर होऊन परत आले, आणि परत करताना दिलेलं कारण बहुतेकदा हे, की संशोधनाच्या पद्धतीतच गंभीर दोष आहेत. बारा हा आकडा लहान आहे, प्रयोगावर टीकाही भरपूर झाली. पण ते 'गंभीर दोष' मला विसरता येत नाहीत. आधीच्या नावाखाली ते कुणाच्या नजरेत भरले नव्हते.

म्हणून नाव झाकायचं. इथपर्यंत तुझं-माझं जमतंय. पुढची गोष्ट मात्र मला उशिरा कळली, आणि कानमंत्र म्हणशील तर हा एकच आहे: नाव झाकलं की वाचणाऱ्याला दुसरं काहीतरी धरायला द्यावं लागतं. नाव हा आळशी माणसाचा पुरावा असतो. तो काढून घेतलास आणि त्या जागी काहीच ठेवलं नाहीस, तर लोक भाषेवर जातात, मथळ्यातल्या चटपटीत शब्दावर जातात, नाहीतर विषय फॅशनमध्ये आहे का त्यावर जातात. नाव झाकलेल्या पहिल्या वर्षी आमचं नेमकं हेच झालं. आलेली यादी 'स्वच्छ' होती आणि निम्मे टॉक पोकळ निघाले.

तेव्हा तुझी खरी मेहनत फॉर्मवर व्हायला हवी, आणि तीही प्रपोजल मागवायच्या आधी महिनाभर. फॉर्ममध्ये एक रकाना लोकांसाठी असतो, जो पुढे वेबसाइटवर जातो. तो गोडगुलाबी असणारच. दुसरा रकाना फक्त कमिटीसाठी ठेव आणि तिथे खोदून विचार. चाळीस मिनिटांत काय, कुठल्या क्रमानं सांगणार? ऐकणारा बाहेर पडताना हातात काय घेऊन जाईल? काय चुकलं होतं आणि ते कसं कळलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सांगायला तुम्ही योग्य का, ते स्वतःचं, कंपनीचं, कॉलेजचं नाव न घेता लिहा.

हा शेवटचा प्रश्न लोकांना जड जातो, म्हणून फॉर्मवरच एक नमुना द्यायचा. आमच्याकडे एकदा आलेलं वाक्य साधारण असं होतं: "एका आघाडीच्या कंपनीत प्रिन्सिपल आर्किटेक्ट म्हणून १५ वर्षांचा अनुभव." यात वजन आहे, माहिती शून्य. त्याच विषयावर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं: "आमची पैसे भरायची यंत्रणा तीन महिने दर सोमवारी पहाटे बसत होती. लॉग वाचायचं काम माझ्याकडे होतं. अठ्ठावीसाव्या दिवशी कळलं की दोष आमच्या कोडमध्ये नाही, घड्याळात आहे." हे वाचल्यावर अनुभव किती वर्षांचा ते विचारावंसं वाटतं का? माणूस त्या खड्ड्यात स्वतः उतरलेला आहे, एवढं दिसलं की पुरे. नाव कळलं तेव्हा ती तळेगावच्या एका छोट्या कारखान्यात दोन वर्षं नोकरी झालेली मुलगी निघाली. जुन्या पद्धतीत तिचा कागद चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंतसुद्धा टिकला नसता.

मराठी प्रपोजलांचं एक वेगळं दुखणं आहे, ते तुला कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही. आपण मराठीत टॉक घ्यायला लागलो त्या वर्षी मी नावं झाकली, कंपन्या झाकल्या, आणि पहिलंच प्रपोजल उघडलं तर समोर "मी तेव्हा डेटाबेस शिकत होते". झालं! क्रियापदानं चुगली केली. इंग्रजीत 'आय वॉज लर्निंग' कुणीही असू शकतं. मराठीत 'होतो' की 'होते' यात बाई-बुवा कळतो. मी प्रत्येक क्रियापद दुरुस्त करायला बसले तेव्हा लक्षात आलं की भाषेनं पळवाटही ठेवलेली आहे. 'मी कोड लिहिला', 'मी सर्व्हर बदलला', 'मला चूक सापडली' यातून काही कळत नाही, कारण तिथे क्रियापद करणाऱ्याकडे बघत नाही. 'आम्ही शोधत होतो' हेही चालतं. तेव्हा फॉर्मवर एवढंच लिही: 'केलं, लिहिलं, बदललं' असं तरी लिहा, नाहीतर 'आम्ही' म्हणा. लोकांना गंमत वाटते आणि ते पाळतात. शाळेत कर्मणी प्रयोगाला जे शिव्या देत होते, त्यांना त्याचा हा एक उपयोग कळवायला हरकत नाही.

आता गळती. नाव कुठून कुठून झिरपतं ते मी एका वहीत लिहून ठेवलंय, ती वही तुला देईन. थोडक्यात सांगायचं तर: जोडलेल्या फाइलच्या नावात, पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथर' या ओळीत, गूगल डॉकच्या लिंकमधून (उघडली की मालकाचं नाव दिसू शकतं), गिटहबच्या पत्त्यात, यूट्यूबवरच्या जुन्या टॉकच्या दुव्यात. आणि "गेल्या वर्षीच्या माझ्या टॉकचा हा पुढचा भाग" या वाक्यात, जे दर वर्षी किमान एक महाभाग लिहितो. म्हणून जोडण्या आणि लिंका मुळात मागवूच नयेत. जे सांगायचं ते रकान्यातच लिहा म्हणावं. प्रीटॅल्क्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नाव न दाखवता वाचायची सोय आहे, ती जरूर वापर. पण मजकुरातलं नाव सॉफ्टवेअर काढत नाही, ते माणसालाच काढावं लागतं.

तो माणूस कोण, हे आधी ठरव. ज्याच्याकडे नावं, त्याला मत नाही. हा नियम वाकवू नकोस, स्वतःसाठी तर मुळीच नको. मी दोन वर्षं नावंही झाकत होते आणि गुणही देत होते. 'मी तटस्थ राहीन' असं स्वतःला सांगत होते, आणि पेन आपोआप हलकं-जड होत होतं. शेवटी आपल्या हिशेब बघणाऱ्या काकांना गळ घातली. त्यांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे ते या कामाला उत्तम. पहिल्या वर्षी त्यांनी कागदावरची नावं जाड काळ्या मार्करनं खोडून गठ्ठा माझ्याकडे दिला. रात्री वाचायला बसले, एक पान सहज ट्यूबलाइटसमोर धरलं, तर शाईखालून आडनाव स्वच्छ दिसत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं मी ते पान पटकन खाली ठेवलं, पण वाचून झालं होतं. ते प्रपोजल मी दुसऱ्याला दिलं आणि काकांना झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं. खोडलेल्या पानाची झेरॉक्स काढली की खालचं सहसा दिसत नाही.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रांची गोष्ट तू ऐकली असशील. वादकांची चाचणी पडद्याआडून घ्यायची. बॉस्टनच्या सिंफनी ऑर्केस्ट्रानं १९५२ मध्ये हे सुरू केलं, पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या ऑर्केस्ट्रांनी तेच केलं. पडद्याचा परिणाम नक्की किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्यातला रस वेगळा आहे. पडदा लावल्यावर लक्षात आलं की रंगमंचावर चालत येताना बायकांच्या टाचा वाजतात. मग काही ठिकाणी गालिचा अंथरला, काही ठिकाणी बूट काढायला लावले. तुझ्या फॉर्ममध्ये टाचा कुठे वाजतायत, हे शोधायचं काम काकांचं.

झाकताना एक पथ्य. मजकूर सुधारायचा नाही. नाव असेल तिथे 'नाव झाकलं', कंपनी असेल तिथे 'संस्था झाकली', बस. काकांना शुद्धलेखनाची हौस आहे, ती आवर. एकाचं व्याकरण सुधारलं आणि दुसऱ्याचं राहिलं, तर नवीन डावं-उजवं सुरू झालं. पानभर झाकावं लागणार असेल, तर प्रपोजल परत पाठवून दोन दिवसांची मुदत द्यावी. आणि क्रमांक आलेल्या क्रमानं देऊ नयेत. पहिले दहा म्हणजे आपले नेहमीचे उत्साही मित्र, हे कमिटीला पाठ असतं. चिठ्ठ्या टाकून क्रमांक दे.

"पण मावशी, लिहिण्यावरून कळतंच ना कोण आहे ते!" हे कमिटीतलं कुणीतरी तुला पहिल्याच बैठकीत सांगेल. त्याला माझी फजिती सांग. एका वर्षी एक प्रपोजल वाचताना मला शंभर टक्के खात्री झाली की हे आपल्या जुन्या वक्त्याचंच. तीच 'थोडक्यात काय तर' ची सवय, तेच रेल्वेचे दाखले. मी खुशीत चारपैकी चार गुण दिले. नावं उघडली तेव्हा ते सोलापूरच्या एका प्राध्यापकांचं निघालं, ज्यांना मी आयुष्यात भेटले नव्हते. जुन्या वक्त्याचं प्रपोजल मी एक गुण देऊन खाली टाकलेलं होतं. हे माझं एकटीचं नाही. २०१६ च्या तीन मोठ्या संगणकविषयक परिषदांमध्ये नावं झाकलेले निबंध वाचणाऱ्यांना 'लेखक कोण वाटतो' असं विचारलं होतं. ७४ ते ९० टक्के रिव्ह्यूंमध्ये बरोबर अंदाज नव्हताच, एकतर अंदाजच केलेला नव्हता किंवा तो चुकला होता. तेव्हा ज्याला कुणी ओळखू येईल, त्यानं ते गिळावं. बैठकीत 'मला वाटतं हे अमक्याचं' असं मोठ्यानं म्हणायला बंदी.

या बंदीसाठी माणूस नेमता येतो. हबल दुर्बिणीची वेळ कुणाला द्यायची हे बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये ठरतं. तिथे २०१८ पासून प्रस्ताव वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव कळत नाही. शिवाय चर्चेच्या खोलीत एक माणूस बसवतात, ज्याला खगोलशास्त्रावर मत द्यायचं नसतं. चर्चा कामावरून माणसावर घसरली की ती थांबवायची, एवढंच त्याचं काम. त्या पहिल्या फेरीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या १३८ प्रस्तावांपैकी १२ आणि पुरुषांच्या ३५१ पैकी २८ निवडले गेले, म्हणजे ८.७ आणि ८ टक्के. फरक किरकोळ आहे. पण त्याआधीच्या, आकडे उपलब्ध असलेल्या वर्षांत स्त्रियांचं प्रमाण एकदाही पुरुषांच्या वर गेलेलं नव्हतं. आपल्याकडे खोलीत बसायला काका आहेतच. हिशेबाच्या वहीवर पेन्सिल आपटली की सगळे गप्प.

गुणांविषयी फार बोलत नाही, तुला आकडे कळतात. एक ते चार ठेव, पाच नको. पाचात तीन आला की सगळे मधल्या बाकावर जाऊन बसतात. प्रत्येक प्रपोजल किमान तिघांनी वाचायचं आणि आपले गुण भरल्याशिवाय दुसऱ्याचे दिसता कामा नयेत. वाचायचा क्रम प्रत्येकाचा वेगळा, कारण जेवणानंतरच्या साठाव्या प्रपोजलवर कुणालाही प्रेम उरत नाही. आणि सुरुवात करायच्या आधी गेल्या वर्षांतली तीन प्रपोजलं सगळ्यांना द्यायची, गुण द्यायला लावायचे, आणि मग समोरासमोर बसून कुणी किती दिले ते बघायचं. कुणाचा हात आखडता, कुणाचा सैल, ते तिथेच कळतं. आपल्या कमिटीत एकजण सगळ्यांना चार देतो. फार गोड माणूस आहे. त्याच्या चारची किंमत तीन धर.

सरासरी काढून वरचे चोवीस उचलू नकोस मात्र. तीन-तीन-तीन म्हणजे कुणाचीच हरकत नाही आणि कुणालाच ओढ नाही. चार-चार-एक दिसलं की तिथे थांब. एक देणाऱ्याला काहीतरी दिसलंय जे बाकीच्यांना दिसलं नाही, किंवा उलट. बैठकीचा वेळ फक्त या फाटलेल्या गुणांवर खर्च कर. बोलायला सुरुवात कमिटीतल्या सगळ्यात धाकट्यापासून. मी आधी बोलले की बाकीचे माना डोलवायचे, आणि मला कितीतरी वर्षं वाटत होतं की आमचं फार एकमत होतं.

आणि घेतले-नाकारले यांच्यातल्या रेघेचा फार गर्व नको. २०१४ साली मशिन लर्निंगच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं, तेव्हाच्या निप्सनं, १६६ निबंध दोन वेगळ्या कमिट्यांकडे एकमेकींना न कळवता दिले. ४३ निबंधांवर दोघींचे निकाल उलटे आले. एका कमिटीनं घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीनं नाकारले होते. तेही या विषयात आयुष्य घातलेल्या लोकांनी. आपण तर शनिवारी संध्याकाळी बसणारी माणसं. वरचे दहा उठून दिसतात, खालचे पन्नास पडून राहतात, आणि मधल्या पट्ट्यात तू बाविसावं घेतेस की सत्ताविसावं, यात न्याय फारसा नसतो. तिथे मी सरळ विषयांचा समतोल बघायचे, आणि तेही जमलं नाही तर चिठ्ठी टाकायचे. चिठ्ठी टाकली असं उघड सांगायचे.

मग नावं उघडायची. आधी गुणांची शीट कुलूपबंद करून तिची एक प्रत काकांकडे. या फेरीत काय बदलता येतं ते आधीच लिहून ठेव: एकाच माणसाचे दोन टॉक आले तर एक, एका कंपनीचे तीनहून जास्त नकोत, मागे कुणी श्रोत्यांशी किंवा कार्यकर्त्यांशी वाईट वागलेलं असेल तर नको. एवढंच. "नाव बघून वाटतं याला घ्यायला हवं होतं" हे कारण चालत नाही. हबलवाल्यांनीही तेच केलंय. क्रम लागल्यावरच मंडळाला संघाची माहिती देतात, तीही हे काम या लोकांना झेपेल का एवढं तपासायला. त्या माहितीवरून कुणाला वर चढवायचं नाही. आपल्याकडे एका वर्षी नावं उघडल्यावर फार मोठा माणूस सदतिसावा निघाला. कमिटी कासावीस झाली. एकानं सुचवलं की त्यांना पाहुणे म्हणून बोलावू, म्हणजे निवडीचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, जरूर बोलवा, पण पाहुण्यांच्या जागा किती ते आपण फेब्रुवारीत जाहीर केलंय आणि त्या भरल्यात. ते गृहस्थ दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. मोठा माणूस नव्हे, सुचवणारा.

म्हणून पाहुण्यांचे टॉक, प्रायोजकांचे टॉक आणि खुल्या निवडीचे टॉक किती, हे आधीच छापायचं. प्रायोजकाचा टॉक असेल तर वेळापत्रकात तसं लिहायचं. पैशानं जागा विकली तर विकली म्हणावं, निवडली म्हणू नये.

कमिटीतल्या माणसाचं स्वतःचं प्रपोजल? माझा नियम कडक आहे, थोडा जास्तच कडक असेल. वाचणाऱ्यांनी त्या वर्षी पाठवायचं नाही. नवरा, बायको, हाताखालचा इंजिनिअर, आपला विद्यार्थी यांचं आलं असेल, तर ते आपल्याकडे येऊ नये म्हणून प्रत्येकानं नावांची यादी आधीच काकांना द्यायची. नाव झाकलेलं असल्यानं वाचणाऱ्याला स्वतःहून बाजूला होता येत नाही, हे लोक विसरतात.

आता या सगळ्याहून मोठी गोष्ट. नाव झाकून फक्त आलेल्यांत न्याय होतो. जी आलीच नाहीत, त्यांचं काय? बर्लिनच्या जेएसकॉन्फ इयूनं २०१२ मध्ये नावं झाकून निवड केली आणि वक्त्यांत चौथा हिस्सा स्त्रिया आल्या, हे सगळे सांगतात. त्याच्या आधी त्यांनी बायकांना शोधून शोधून 'पाठवा' म्हणून गळ घातली होती, ते कुणी सांगत नाही. तू पुण्याबाहेर पड. सांगली, नगर, नांदेड, अमरावती, जिथे कॉलेजं आणि छोटे कारखाने आहेत तिथे फोन कर. 'आमचं काम काय टॉक देण्यासारखं नाही' असं जो म्हणेल, त्याच्याकडेच बहुतेक टॉक असतो. ऑनलाइन एक तास ठेव, प्रपोजल कसं लिहायचं ते सांगायला. ज्यांनी शिकवलं, त्यांनी ती प्रपोजलं वाचायची नाहीत. आणि मुदत वाढवायची तर सगळ्यांना कळवून, शेवटच्या रात्री बारा वाजता ओळखीच्या माणसाला 'सकाळी पाठव रे' असं म्हणून नव्हे.

हल्ली प्रपोजलं सगळी गुळगुळीत येतात. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली. मला त्याचा राग नाही. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याला आधार मिळाला, आणि भाषेवर मार्क देणाऱ्या माझ्यासारख्यांची खोड मोडली. फक्त मिनिटामिनिटाचा आराखडा आणि 'काय चुकलं होतं' हा रकाना नीट वाच. जिथे काहीच चुकलेलं नसतं, तिथे बहुधा काही केलेलंही नसतं.

आणि चोवीस भरले नाहीत तर? रिकामी जागा रिकामी ठेवायला घाबरू नकोस. २०२२ साली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गदारोळ झाला पुण्यात! ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरी अजून दोन तट आहेत. पण आपल्याकडे करंडक नाही, चाळीस मिनिटं आहेत, आणि लोकांना तेवढ्या वेळात बाहेर चहा प्यायला आवडतो.

नकाराची पत्रं स्वतः लिही. 'यंदा चुरस फार होती' हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही. वाचणाऱ्यांनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्यातली एक कामाची ओळ निवड आणि पाठव. 'विषय आवडला, पण पहिली पंधरा मिनिटं ओळखीतच जातील असं वाटलं' एवढं पुरतं. अशी ओळ मिळालेली माणसं पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतात. राखीव यादीतल्यांना ते राखीव आहेत हे स्पष्ट सांग आणि कधीपर्यंत कळेल त्याची तारीख दे. आणि स्वीकार-नकार एकाच दिवशी जाऊ देत. नाहीतर मित्राला पत्र आलं, मला नाही, यावरून लोकांना निकाल कळतो.

वही, जुने फॉर्म आणि त्या तीन नमुना प्रपोजलांचा गठ्ठा रविवारी घेऊन जा. काकांना मी विचारलंय, ते यंदाही आहेत. कमिटीतून मी बाहेर पडले त्याचं कारण तू विचारत होतीस. अकरा वर्षांत मी एकदाही टॉक दिला नाही आणि यंदा मी प्रपोजल पाठवणार आहे. विषय विचारू नकोस, आणि निकाल लागेपर्यंत फोनही नको.